पाचशे पंचेचाळीस

आमच्या माणदेशात भाव करायची एक रीत आहे. विकणाऱ्याने दुप्पट सांगायचं, घेणाऱ्याने निम्म्यावर आणायचं, मध्येच दोघांनी एकेकदा रागाने उठून जायचं, आणि मग चहा पिऊन मधल्या कुठल्यातरी आकड्यावर हात मिळवायचा. शेळी असो, जुनी गाडी असो की लग्नातला मंडप. मी जन्मभर असाच भाव करत आलो. त्यामुळे पिंकी सरतापे या बाईशी पहिल्याच दिवशी माझं वाजलं, यात माझी काही चूक होती असं मला आजही वाटत नाही.

मी हिंदुराव जगदाळे, म्हसवडच्या पुढे खडकवस्तीला दूध डेअरी आहे तिचा सेक्रेटरी. सेक्रेटरी म्हणजे दोन वेळा शिव्या खायचा पगारी माणूस. डेअरीत फॅट मशीन असतं. दुधाचा नमुना त्यात घातला की ते फॅटचा आकडा सांगतं आणि त्यावर लिटरचा दर निघतो. मशीन चालू असलं की सगळे माझे पाहुणे. बंद पडलं की नुसत्या डोळ्याने दूध बघून दर लावायचा, आणि मग म्हशीवाला म्हणतो मला लुटलं, गाईवाला म्हणतो त्याला जास्त दिलं, आणि दोघं मिळून माझ्या सात पिढ्यांची आठवण काढतात.

गंमत अशी की मशीन सहसा बिघडत नाही. बिघडतो तो त्याच्या शेजारचा पत्र्याचा डबा. त्याला पॉवर सप्लाय म्हणतात. भिंतीतली लाईट घेऊन मशीनला, काट्याला आणि पावतीच्या प्रिंटरला झेपेल तेवढीच द्यायची, हे त्याचं काम. आमची वस्ती शेतीच्या लाईनवर आहे. संध्याकाळी शेतीची थ्री फेज लाईट गेली की विहिरींवरच्या मोटारी एकदम थांबतात, त्या एकट्या डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा, भार एका क्षणात उतरतो, आणि घराघरातले बल्ब लग्नघरासारखे लखलखतात. नेमकी तीच दूध घालायची वेळ. डब्यातून धूर निघतो आणि रांगेतली माणसं माझ्याकडे बघायला लागतात.

असाच एक जळका डबा घेऊन मी म्हसवडच्या बाजारपेठेत गेलो होतो. कुणीतरी सांगितलं, एक बाई दुरुस्त करते. छोटा गाळा, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, टेबलावर तारा आणि सोल्डरचा धूर. बाई चाळिशीच्या अलीकडची. नाव विचारलं तर म्हणाली, "पिंकी."

"खरं नाव?"

"आधारकार्डावर बी पिंकीच हाय. डबा दावा."

पुढे कळलं ते असं. ही शिरवळच्या एका कारखान्यात बरीच वर्षं अशाच सप्लायच्या तपासणीच्या टेबलावर होती. सासऱ्यांना अर्धांगवायू झाला, नवरा कुणाल ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातून चार दिवस घरी. मग हिनेच नोकरी सोडली, गावी आली, सासऱ्यांचं केलं, आणि ते गेल्यावर पुन्हा शिरवळला न जाता हा गाळा घेतला.

तिने डबा उघडला, जळलेला भाग काढला, नवा बसवला आणि लावून दाखवला. मी विचारलं, किती झाले?

"नव्वद."

"पन्नास घे."

तिने डबा परत उघडला, नवा भाग सोल्डर लावून काढला, जळका होता तिथे पुन्हा चिकटवला, चारी स्क्रू आवळले आणि डबा माझ्यासमोर ठेवला. "न्या. ह्येचं काय देऊ नका."

"आगं, ही काय पद्धत झाली?"

"आवं अण्णा, पन्नासात एवढंच बसतं."

मी पेटलो. काय वाट्टेल ते बोललो. पण डेअरीत माणसं खोळंबली होती, तेव्हा नव्वद मोजले आणि नीट केलेला डबा घेऊन आलो. तो डबा मात्र आधीच्यासारखा महिन्यात जळला नाही. म्हणून मी पुन्हा गेलो, आणि जात राहिलो.

दुरुस्तीतून ती नवे डबे करायला लागली. कॉइल गुंडाळायला शेजारची धोंडुबाई आली, तिच्या मागोमाग आणखी तिघी. बातमी विट्याच्या लालासाहेबांपर्यंत गेली. साताऱ्या-सांगलीतल्या निम्म्या डेअऱ्यांना फॅट मशीन, काटे आणि हे डबे पुरवणारा हा व्यापारी. माणूस वाईट नाही. पण त्याच्या जिभेवर साखर आणि खिशाला कुलूप. त्याने शंभर डब्यांची ऑर्डर दिली. पाचशे रुपये नग, वर्षाची गॅरंटी. जळाला तर पिंकीने नवा द्यायचा.

पिंकीने हिशेब केला होता. सामान तीनशे ऐंशी, बायकांची मजुरी साठ, गाळाभाडं, लाईट, खोकं मिळून वीस. चारशे साठ. पाचशेला विकलं तर चाळीस सुटले. हिशेब बरोबरच होता, पण भरणी करायला बसली तिची सासू बाळाबाई.

बाळाबाईने आयुष्यभर गोवऱ्या विकल्या. गोवऱ्यांचा शेकडा म्हणजे शंभर कधीच नसतो. वाटेत मोडतील म्हणून पाच वर घालायच्या, नाहीतर गिऱ्हाईक म्हणतं बाई खोटी आहे. म्हातारीने खोकी भरताना जास्तीचे करून ठेवलेले पाच डबेही त्यात घातले, आणि लालासाहेबांच्या ड्रायव्हरला ठसक्यात सांगितलं, "आमचा शेकडा भरून असतो बाबा." लालासाहेबांनी फोन करून पिंकीचं कौतुक केलं तेव्हा तिला कळलं. सासूला बोलायची तिची छाती नव्हती. असू दे, पाचच तर गेले, असं म्हणाली. मीही तेच म्हणालो असतो.

वर्ष सरता सरता सात डबे जळून परत आले. गॅरंटीप्रमाणे सात नवे गेले. त्या हंगामाच्या शेवटी मी गाळ्यात गेलो तर शटर अर्धं खाली ओढलेलं, आणि पिंकी आत उभी राहून त्याच्यावर खडूने लिहीत होती. मी वाकून आत गेलो.

"अण्णा, बघा. केलं एकशेपाच. चारशे साठानं अठ्ठेचाळीस हजार तीनशे. सात बदलून दिलं. डबा चारशे साठ आणि यष्टीनं पार्सल जायचं-यायचं ऐंशी, म्हंजी पाचशे चाळीस. सात वेळा, तीन हजार सातशे ऐंशी. एकूण बावन्न हजार ऐंशी गेलं. आलं किती? पन्नास हजार."

"म्हणजे दोन हजार घातलेस."

"आणि माझी मजुरी त्यात कुठंच न्हाई. वर्षभर मी फुकट राबली, वर दोन हजार देऊन."

मला फार वाईट वाटलं. सरळ सांगतो, त्या सासूचा आणि त्या लालासाहेबांचा मला रागही आला. मी म्हणालो, "ते पाच नगाचं मागून घे. नाहीतर पुढच्या वेळी सातशे सांग, साडेसहाशेवर ये."

"कशाच्या जोरावर सातशे सांगू?"

"लागतो कशाला जोर? सांगायचं असतं."

तिने मान हलवली. "न्हाई अण्णा. लोक म्हणत्यात दर पाडून द्या, दर चढवून सांगा. मला दर काढायचा हाय. त्यो कितीबी निघू दे. एकदा निघाला की मग मी हलणार न्हाई."

आणि मग ही बाई जी फिरायला लागली! सकाळी गाळा धोंडुबाईवर सोपवायची, मिळेल त्या गाडीने डेअरी गाठायची आणि विचारायची, जळका डबा पडलाय का? तिचा असो, दुसऱ्याचा असो. प्रत्येक डेअरीच्या कोपऱ्यात, खाद्याच्या पोत्यांमागे असे डबे पडलेले असतातच. आटपाडीकडून आणले, दहिवडीकडून आणले. माझ्या डेअरीतून तर चार निघाले. सगळे एका गोणीत घालून तिने गाळ्यात ओतले आणि एकेक उघडून जळाल्या जागेप्रमाणे ढीग लावले. बायका हसायच्या, पिंकीनं भंगाराचा धंदा काढला म्हणून.

बहुतेक सगळे डबे एकाच ढिगात गेले. लाईट चढली की तिचा झटका अंगावर घेणारा एक बारका भाग असतो, बटणाएवढा. तोच आधी जायचा, मग त्याच्या मागचं सगळं. तिने त्याच्या जागी चौदा रुपये जास्तीचा, दणकट भाग बसवून वीस डबे केले. ते वीस तिने कुठे लावले? तर जिथली लाईट सगळ्यात वाईट, तिथे. माझ्याकडे एक आलाच. आदल्या उन्हाळ्यात त्याच वीस ठिकाणी पाच डबे जळाले होते. या उन्हाळ्यात एकच गेला.

मी म्हणालो, "झालं की! आता परत येणारे शून्य धर."

"शून्य कसं? पाचाचं एक झालं. शेकड्याला सात येत हुते, त्याचा पाचवा हिस्सा दीडच्या आत. मी दोन धरती."

पुन्हा शटर खाली आलं. आता सामान-मजुरी-भाडं मिळून चारशे चौऱ्याहत्तर. शेकड्याला दोन बदलून द्यायचे, त्याचा बोजा नगामागे अकरा. तिची स्वतःची रोजी तीस. कॉइलच्या तांब्याचा भाव वर गेला, एखादा हंगाम रिकामा गेला, त्यासाठी तीस. खाली दोन रेघा ओढून तिने लिहिलं, पाचशे पंचेचाळीस. आणि शेजारी, जुना भाग ठेवला असता तर काय झालं असतं तेही मांडलं. चारशे साठ, बदलून द्यायचे अडतीस, आणि तेच दोन तीस. पाचशे अठ्ठावन्न.

मी ते तीनदा वाचलं. चौदा रुपये वाढवले आणि किंमत तेरा रुपयांनी उतरली! मला वाटलं कुठेतरी चुकतंय. मी मोबाइलवर बेरीज केली. चुकत नव्हतं.

दिवाळीआधी लालासाहेब आले. तीनशे डब्यांची ऑर्डर द्यायची होती. मी तिथे होतो, कारण माझ्या डेअरीतल्या डब्याची साक्ष द्यायला तिने मला बोलावलं होतं. तिने शटर अर्धं ओढलं आणि सगळा हिशेब त्यांच्यासमोर उघडा ठेवला. लालासाहेबांनी चष्मा चढवला, वाचलं, आणि त्यांचं बोट नेमकं खालच्या तिसावर टेकलं.

"ह्ये कशाचं?"

"तांबं महाग झालं तर तुमच्याकडं रडत येऊ नये म्हणून."

"आपला नफा कुणी असा शटरवर लिवतंय व्हय? काढून टाक त्यो. आणि पाचशेच ठेव. वर शेकड्याला पाच दे, पयल्यांदा दिलंस तसं. गॅरंटी हायच."

"पयल्यांदा दिलं त्यात माझं दोन हजार गेलं. आणि ते पाच तुमी विकलं, व्हय ना?"

लालासाहेब हसले. "मग काय पूजेला लावू?"

"विकलं म्हंजी त्येची गॅरंटी बी माझ्याच गळ्यात आली. ज्याचा डबा जळला त्या डेरीला त्यातला एकबी गेला न्हाई. वर न्हाई आणि खाली बी न्हाई. पाचशे पंचेचाळीस."

रीतीप्रमाणे लालासाहेब उठून गाडीपर्यंत गेले. रीतीप्रमाणे तिने आता हाक मारायची. मी तिच्याकडे बघितलं. ती हाताचा खडू पुसत होती. ते परत आले, म्हणाले, पाचशे वीस. ती म्हणाली, पाचशे पंचेचाळीस. ते पुन्हा गेले, आणि या वेळी गाडी चालू झाल्याचा आवाज आला.

"आगं, वीसला घ्यायचं होतंस!" मी ओरडलो. "तुझी रोजी तरी पुरी निघाली असती!"

"आणि तांबं चढलं की? मग बायकांच्या मजुरीला हात घालू का? तिथंच घालत्यात समदे."

तो हिवाळा वाईट गेला. लालासाहेबांनी दुसरीकडून स्वस्तातले डबे उचलले. किरकोळ दोन-चार डेअऱ्या सोडल्या तर पिंकीकडे गिऱ्हाईक नव्हतं. बायकांना काम पुरेना. धोंडुबाई डाळिंबाच्या बागेत तोडणीला जायला लागली. जाताना ती माझ्यासमोरच पिंकीला म्हणाली, "पाचशे वीसला तुझं काय झिजलं असतं ग?" पिंकीचे डोळे भरून आले, पण उत्तर तेच. ती मिक्सर दुरुस्त करत बसली, पंख्याच्या कॉइल भरत बसली, गाळ्याचं भाडं कसंबसं काढत राहिली. मला तिची काळजी वाटायची आणि चीडही यायची. एवढा ताठा बरा नव्हे, असं मी तिला दर बाजारच्या दिवशी ऐकवायचो. ती मला चहा पाजायची.

मग ऊन तापलं. विहिरींवरच्या सगळ्या मोटारी दिवसभर चालून संध्याकाळी एकदम थांबायला लागल्या, आणि लालासाहेबांचे स्वस्त डबे फटाक्यांसारखे जायला लागले. नवे दिले, तेही गेले. सेक्रेटरी लोक काय चीज असतात हे मी तुम्हाला सांगायला नको. आम्ही त्यांची काट्याची आणि मशीनची बिलंसुद्धा अडवून धरली.

एका सकाळी मी गाळ्यात बसलो असताना गाडी येऊन थांबली. लालासाहेब उतरले. घामाघूम झालेले, आवाजातली साखर विरघळलेली.

"पिंकी, तीनशे डबे पायजेत. महिन्याच्या आत. सहाशे देतो. निम्मे पैसे आत्ता."

शेवटी देव आहे म्हणायचा! मी तिला डोळ्यांनी खुणावलं, गप्प बस आणि मान डोलव.

"पाचशे पंचेचाळीस," पिंकी म्हणाली.

"आगं, मी जास्त देतोय."

"कळलं मला. पाचशे पंचेचाळीस. डबे महिन्यात व्हतील."

मला राहवलं नाही. मी उठून उभाच राहिलो. "बाई, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? ह्याच माणसानं तुला हिवाळाभर उपाशी ठेवलं. धोंडुबाई लोकाच्या बागेत राबतेय. आज तो आपल्या तोंडानं सहाशे म्हणतोय, आणि तू त्याला सोडतेस? एका नगाला पंचावन्न रुपये! तीनशे नगांचे किती झाले?"

"साडेसोळा हजार."

"मग?"

"माझा खर्च वाढला का अण्णा? तांबं तेच हाय, मजुरी तीच हाय. गरज माझी हुती तवा पाचशे पंचेचाळीस, आता गरज ह्येंची हाय तर सहाशे? मग ते शटरवर काय लिवलं हुतं मी?" ती लालासाहेबांकडे वळली. "मला एक सांगा. डेरीला ह्यो डबा तुमी काय भावानं लावणार?"

"सहाशे ऐंशी हुता," लालासाहेब म्हणाले. "सहाशेनं घेतला तर सातशे चाळीस तरी लावाय लागंल."

पिंकीने माझ्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही, उलट जरा हळूच म्हणाली, "अण्णा, ह्ये पंचावन्न लालासाहेब देत न्हाईत. तुमची डेरी देती. आणि डेरी कुठनं देती ते मी तुमाला काय सांगू? दूध घालणाऱ्याच्या पैशातनंच कापून घेता ना तुमी?"

मी खाली बसलो. इतका वेळ मी तिच्या बाजूने भांडतोय असं मला वाटत होतं, आणि मी हात धुऊन माझ्याच रांगेतल्या माणसांच्या मागे लागलो होतो. मला लाज वाटली, आणि त्या बाईचा अभिमान वाटला. माझ्याबाबतीत हे सहसा घडत नाही.

लालासाहेबांनी रुमालाने मान पुसली. एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"म्हंजी आता मला बी सहाशे ऐंशीच लावाय लागणार," ते कुरकुरले. "ह्यो सेक्रेटरी समदं ऐकून बसलाय."

"आणि मी बाकीच्यांना सांगणार," मी म्हणालो.

त्यांनी खिशातून पैसे काढले. पिंकीने दोनदा मोजले, पाचशे पंचेचाळीसच्या हिशेबाने निम्मे ठेवले आणि उरलेले परत दिले. मग तिने फोन लावला. पलीकडे बागेतला गलका ऐकू येत होता.

"धोंडुबाय, उद्या सकाळी ये. तिघींना बी घिऊन ये," ती म्हणाली. "लय काम हाय."